परदेशी सत्राचा सातबारा

विद्यार्थी-देवाणघेवाण या नावाने उच्च शिक्षणात ओळखली जाणारी व्यवस्था कागदावर अत्यंत सरळ आहे. एका विद्यापीठाचा विद्यार्थी आपली पदवी न सोडता आणि शुल्क आपल्याच विद्यापीठात भरून परदेशातील दुसऱ्या विद्यापीठात एखादे सत्र शिकतो, तिथे मिळवलेले श्रेयांक, म्हणजे अभ्यासाला दिलेल्या तासांवरून ठरणारी क्रेडिटे, बरोबर घेऊन परततो, आणि त्याच्या बदल्यात तिकडचा एक विद्यार्थी इकडे येऊन हेच सर्व उलट दिशेने करतो. या सगळ्या खटाटोपात परदेशात जाऊन शिकणे हाच सर्वांत सोपा भाग असतो, ही गोष्ट मात्र व्यवस्थेच्या जनकांनी कुठेही नोंदवलेली नाही. कारण ती आखताना त्यांच्या डोळ्यांसमोर दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात रसायनशास्त्र घेऊन बसलेला विद्यार्थी नव्हता.

वळसंग हे सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव असून कर्नाटकाची सीमा नकाशावर काहीशी पुढे असली तरी कन्नड भाषा केव्हाच इथल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचलेली आहे. येथील विद्यार्थी घरी कन्नडमध्ये भाकरी मागतो, शाळा मराठीत शिकतो, गर्दीच्या एसटीत जागेसाठी हिंदीत भांडतो, सोलापूरच्या पूर्व भागातील मित्रांकडून तेलुगूचे चार शब्द उचलतो आणि अभिक्रिया इंग्रजीत पाठ करतो. एवढे करूनही त्याला भाषा येते की नाही, याचा निर्णय आयईएलटीएस नावाच्या परीक्षेच्या तोंडी भागात एक अनोळखी परीक्षक अकरा ते चौदा मिनिटांत देऊन टाकतो. या परीक्षेत शून्य ते नऊ अशा पट्टीवर गुण मिळतात आणि ते साधारणपणे दोनच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणजे माणूस दोन वर्षांत इंग्रजी विसरतो असे परीक्षा घेणाऱ्यांचे गृहीत असावे. बारावीनंतर विद्यार्थी त्याहून कितीतरी लवकर बारावी विसरतो, हे पाहता ते गृहीत फारच उदार म्हणावे लागेल.

युरोपात ही व्यवस्था 1987 मध्ये इरॅस्मस योजनेच्या रूपाने सुरू झाली आणि पहिल्या वर्षी अकरा देशांतील 3,244 विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. ज्या डच पंडिताचे नाव योजनेला दिले गेले, तो पॅरिस, केंब्रिज, बाझल असा आयुष्यभर विद्येच्या गावी फिरत राहिला. त्या काळी रहिवासी दाखल्याचा शोध लागायचा होता. आजच्या देवाणघेवाणीचा पाया मात्र या दाखल्यावरच उभा आहे. वळसंग सोडायचे असेल तर आधी आपण वळसंगचे किती घट्ट आहोत हे शिक्क्यानिशी सिद्ध करावे लागते, आणि ज्याची मुळे जमिनीत जितकी खोल, त्याला विमानात बसण्याची परवानगी तितकी लवकर, असा या क्षेत्राचा अलिखित नियम आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी असेल तर तो यावर थोडा गोंधळतो. इतर विषयांचे विद्यार्थी निमूटपणे झेरॉक्सच्या रांगेत उभे राहतात.

पहिला प्रश्न अस्तित्वाचा. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, त्यानंतर विद्यार्थ्याचे नाव आणि मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि उरलेले सर्व दुसऱ्या रकान्यात जाते. आधार कार्डावर काय असते ते त्या दिवशी संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. या तिन्ही कागदांवरची माणसे एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून विद्यार्थी स्वतःशी एकरूप होतो. त्यानंतरही परदेशी विद्यापीठाचा संगणक नावांच्या गर्दीतून नेमके वडिलांचे नाव उचलतो आणि ज्या गृहस्थांचा लांबात लांबचा प्रवास आषाढीला पंढरपूरपर्यंत झालेला असतो, त्यांचे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विभागात हार्दिक स्वागत असल्याचे पत्र पाठवतो. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असावा, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतलेला आहे. ही पिढी देवाणघेवाणीच्या वयाची होईल तेव्हा हे स्वागत आईच्या वाट्याला येण्याचीही शक्यता निर्माण होईल, आणि ते योग्यच होईल, कारण डबा तिनेच बांधलेला असतो.

पत्त्याची कथा याहून बिकट आहे. परदेशी अर्जात रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक हे दोन रकाने भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. 'मु. पो. वळसंग' म्हणजे मुक्काम आणि पोस्ट दोन्ही वळसंगच, एवढ्यावर ज्या गावाची पत्रे पिढ्यान्‌पिढ्या पोहोचत आली, तिथे रस्त्याला नाव देण्याची गरज कुणाला वाटलेली नसते. घराची खूण विचारली तर मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीला लागून, अशी सांगितली जाते, आणि ती कोणत्याही घर क्रमांकापेक्षा बिनचूक असते. शेवटी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील मिळकत क्रमांक हा घर क्रमांक म्हणून आणि 'अक्कलकोट रोड' हे रस्त्याचे नाव म्हणून लिहिले जाते, म्हणजे विद्यार्थी कागदोपत्री एका महामार्गावर राहायला जातो. गावाचे नाव रोमन लिपीत लिहिताना एका दाखल्यावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू' आलेला असेल, तर ही दोन गावे नसून एकच गाव आहे, याचेही प्रतिज्ञापत्र करता येते. नोटरीच्या लेखी हे काम किरकोळ असले तरी एका विद्यार्थ्याने आपल्या संपूर्ण गावाच्या एकत्वाची शपथ घेण्याचा प्रसंग इतिहासात वारंवार येत नाही.

पासपोर्टच्या अर्जानंतर पोलीस पडताळणी होते, आणि तालुक्याच्या या भागात ती वळसंग पोलीस ठाण्याच्या वाट्याला येते. पडताळणी म्हणजे अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो का आणि त्याच्यावर काही गुन्हा आहे का, याची खात्री करणे होय. परंतु गावात पोलीस एखाद्याचे घर विचारत आला, एवढीच बातमी पारावर पोहोचते आणि तिचे कारण पारावरचे लोक आपल्या बुद्धीने पुरवतात. मुलगा युरोपात चालला आहे आणि मुलगा कशात तरी अडकला आहे, ही दोन मते संध्याकाळपर्यंत समसमान वजनाने नांदतात, आणि पहिल्या मताला निर्णायक बहुमत मिळते ते थेट विमानतळावरचा फोटो व्हॉट्सॲपवर आल्यानंतर.

याच सुमारास महाविद्यालयीन आघाडी उघडते. वळसंगचा विद्यार्थी सोलापूरला शिको वा अक्कलकोटला, त्याचे विद्यापीठ एकच असते: 1 ऑगस्ट 2004 रोजी शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनी परदेशी संस्थांशी सहकार्याचे रीतसर मार्ग आखून दिलेले आहेत, त्यांतील ट्विनिंग या प्रकारात पदवीच्या 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशातून आणता येतात, आणि विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवण्यासाठी 2021 पासून एक शैक्षणिक श्रेयांक बँकही अस्तित्वात आहे. एवढी सामग्री हाताशी असताना कोणत्याही महाविद्यालयात अर्ज पुढे सरकवण्यापूर्वी जो एकमेव प्रश्न विचारला जातो, तो कोणत्याही विनियमात नाही: हे आधी कुणी केले आहे का? केले नसल्यास पूर्वीचा दाखला नाही म्हणून करता येत नाही, आणि करता येत नाही म्हणून पूर्वीचा दाखला तयार होत नाही. रसायनशास्त्रात अशा अवस्थेला समतोल म्हणतात व तो ढळवण्यासाठी तापमान वाढवावे लागते. महाविद्यालयात ते काम सहसा पालक करतात.

समतोल ढळला की अध्ययन करार नावाचा कागद पुढे येतो. परदेशात घेतलेला कोणता विषय इथल्या कोणत्या पेपरच्या जागी धरायचा, हे त्यात तीन सह्यांनिशी ठरते: विद्यार्थ्याची, मूळ संस्थेची आणि यजमान संस्थेची. येथे तासांचे गणित उपयोगी पडते. युरोपीय पद्धतीत एका वर्षाला 60 श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरलेले असते, म्हणजे वर्षाचे 1,500 ते 1,800 तास. भारतातील राष्ट्रीय श्रेयांक आराखडा वर्षाला 40 श्रेयांक आणि 1,200 तास मानतो. तिकडचा विद्यार्थी इकडच्यापेक्षा वर्षाला निदान 300 तास अधिक अभ्यास करतो, असा निष्कर्ष यावरून घाईने काढला जातो, परंतु तो अन्यायकारक आहे. ते 300 तास इकडचा विद्यार्थीही कामातच असतो: बोनाफाईड दाखला, मागील सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा, त्या उताऱ्याचे पाकीट, पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर पडावा लागणारा आडवा शिक्का आणि तो शिक्का ज्या कपाटात आहे त्याची किल्ली घेऊन गेलेले कर्मचारी यांच्यामागे फिरण्यात ते खर्ची पडतात. या कामाला श्रेयांक द्यावेत, अशी सूचना अद्याप कोणत्याही अभ्यास मंडळाने केलेली नाही.

शिफारसपत्राचा उल्लेख येथे केला पाहिजे. हे पत्र प्राध्यापकाने विद्यार्थ्याविषयी लिहावे आणि विद्यार्थ्याने ते वाचू नये, अशी मूळ कल्पना. प्रत्यक्षात 'तूच लिहून आण, मी सही करतो' या प्रेमळ वाक्याने ती पूर्ण होते. अशा रीतीने वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, ब्युरेटचे रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवणारा विद्यार्थी स्वतःविषयी तृतीयपुरुषात लिहू लागतो, आणि आपल्या अध्यापन-कारकिर्दीत इतका चिकित्सक विद्यार्थी आपण पाहिला नाही, असे प्राध्यापकांच्या तोंडून वदवतो. मराठी गद्यात स्तुतीची ही शाखा दुर्लक्षित राहिली आहे, कारण ती इंग्रजीत लिहिली जाते.

दिनदर्शिकेचे दुखणे वेगळेच. जर्मनीत हिवाळी सत्र अधिकृतपणे 1 ऑक्टोबरला सुरू होऊन 31 मार्चला संपते; इकडचे सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे परीक्षेला लागते. परिणामी विद्यार्थी ऑक्टोबरात निघाला तर इकडची परीक्षा बुडते, आणि मार्चअखेर परतला तर पुढचे सत्र अर्ध्यावर आलेले असते. ही अडचण एटीकेटी या महाराष्ट्राच्या लाडक्या सवलतीने सुटेल, म्हणजे राहिलेले विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसता येईल, असा सल्ला अनुभवी मित्र देतात. मात्र परदेशी विद्यापीठाला एकही विषय राहिलेला नाही असा दाखला हवा असतो, त्यामुळे हा सल्ला नेहमी त्यांच्याकडून येतो ज्यांना जायचेच नसते. या सगळ्याला कंटाळून पुष्कळजण पूर्ण सत्राचा नाद सोडून आखूड मार्ग धरतात: कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंकची बारा आठवड्यांची संशोधन-उमेदवारी, जर्मनीच्या डाड संस्थेची विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठीची वाइज योजना, किंवा 2014 पासून चालू असलेला जपानचा साकुरा सायन्स कार्यक्रम, ज्यात तीन आठवड्यांपर्यंतचा मुक्काम असतो. तीन आठवड्यांत जपान पाहून होतो आणि महाविद्यालयात फार तर तब्येतीचे कारण सांगावे लागते.

यानंतर पैसा. देवाणघेवाणीत यजमान विद्यापीठाचे शिक्षणशुल्क माफ असते, हे वाक्य घरात पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवले जाते, आणि राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा, हे वाक्य योग्य वेळेची वाट पाहत मागे ठेवले जाते. जर्मनीने या बाबतीत कुणाच्या शब्दावर विसंबायचे नाही असे ठरवून 'रोखलेले खाते' पुढे केले आहे. विद्यार्थ्याने आपलेच पैसे, सप्टेंबर 2024 पासूनच्या दराने वर्षाला 11,904 युरो, आधीच अशा खात्यात भरायचे, जिथून ते त्याला महिन्याला 992 युरोंपेक्षा अधिक काढता येत नाहीत. सहा महिने राहायचे असेल तर त्या हिशेबाने निम्मे. स्वतःचेच पैसे हवे तेव्हा स्वतःला न मिळण्याची ही योजना पुण्यामुंबईच्या पालकांना चमत्कारिक वाटत असली तरी ज्या ग्रामीण महाराष्ट्राने पतसंस्थांत ठेवी ठेवल्या आहेत, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. जर्मन खात्यातून पैसे दरमहा खरोखर परत मिळतात, एवढाच काय तो फरक, आणि त्यावर घरातील ज्येष्ठांचा शेवटपर्यंत विश्वास बसत नाही.

परंतु या संपूर्ण प्रक्रियेचा कळस म्हणजे सातबारा. व्हिसाच्या अर्जासोबत विद्यार्थ्याची मायदेशात पुरेशी बांधिलकी आहे हे दिसावे म्हणून कुटुंबाच्या स्थावर मालमत्तेचा पुरावा जोडण्याची प्रथा पडलेली आहे, आणि शेतकरी घरात हा पुरावा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमिनीवर हक्क कुणाचा ते लिहिलेले असते, व गाव नमुना बारा, ज्यात त्या जमिनीत काय पिकले ते लिहिलेले असते, असा जोडउतारा होय. तो देणाऱ्या तलाठ्यांचे पदनाम 2024 मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले, तरी गाव त्यांना पूर्वीप्रमाणेच 'भाऊसाहेब' म्हणते आणि त्यामुळे कोणत्याही पदनामाने काही बिघडत नाही. उतारा हाती पडला की त्यात विद्यार्थ्याच्या वडिलांच्या आधी दोन काका, एक आत्या आणि वारसनोंद न झाल्याने अजूनही हयात असलेले आजोबा आढळतात. इतर अधिकाराच्या रकान्यात विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. विहीर सामाईक असते. काही गुंठे पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी, म्हणून बाजूला काढलेले असतात. पिकाच्या रकान्यात ज्वारी आणि तूर असते, आणि या सर्वांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर होऊन ते मुंबईतील वकिलातीच्या टेबलावर जाते, जिथे विज्ञानाचा हा होतकरू विद्यार्थी क्वांटम रसायनशास्त्र शिकून परत येईल की नाही, याचा अंदाज एका युरोपीय अधिकाऱ्याने रब्बी ज्वारीच्या क्षेत्रावरून बांधायचा असतो.

त्याला जोडून सनदी लेखापालाचे मूल्यांकन लागते. जमीन, घर, दागिने, विम्याच्या पॉलिसी आणि ठेवी यांची बेरीज एका पानावर मांडली जाते, आणि कुटुंबाला पिढ्यांत प्रथमच आपण कागदावर किती श्रीमंत आहोत हे कळते. ही माहिती वकिलातीत पोहोचण्याआधी काकांकडे पोहोचते. त्यानंतर ज्या वाटणीचा विषय आजोबांच्या तेराव्यापासून कुणी काढलेला नसतो, तो निघतो; आत्या बऱ्याच वर्षांनी माहेरपणाला येते; आणि विद्यार्थ्याच्या एका सत्राच्या निमित्ताने वारसनोंदीचे रखडलेले काम मार्गी लागते. उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा महसुली अभिलेख अद्ययावत होण्याशी असलेला हा संबंध अभ्यासकांनी तपासण्यासारखा आहे.

व्हिसा अधिकाऱ्याच्या मनातला प्रश्न आणि आज्जीच्या मनातला प्रश्न तंतोतंत एक असतो, ही या विषयातील सर्वांत उल्लेखनीय गोष्ट म्हटली पाहिजे. दोघांनाही क्वांटम रसायनशास्त्रात रस नसतो. हा परत येणार का, एवढेच दोघांना हवे असते. 'मी पुन्हा येईन' ही ग्वाही महाराष्ट्राच्या राजकारणात गाजण्यापूर्वी कितीतरी आधी विद्येसाठी समुद्र ओलांडणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाकडून ती घेतली गेलेली आहे. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा देवाणघेवाणीचे कार्यालय नव्हते. त्यांचे पती गोपाळराव यांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे ताटकळत असताना वाचले, एवढ्या योगायोगावर सगळे जुळून आले. आजच्या हेतुनिवेदनाला, म्हणजे आपण का येऊ इच्छितो हे सांगणाऱ्या निबंधाला, इतका चांगला वाचक मिळणे दुर्मीळ आहे. तरीही निघण्यापूर्वी, 24 फेब्रुवारी 1883 रोजी, सेरामपूरच्या महाविद्यालयात भरसभेत आनंदीबाईंना आपण जशा जात आहोत तशाच हिंदू म्हणून परत येऊ, असे सांगावे लागले. त्या वेळच्या समाजाला सातबारा नको होता, धर्म हवा होता; प्रश्न तोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी एक विहीर वळसंगात आहे, आणि परतीच्या हमीचा मुद्दा त्यांच्याइतका कठोरपणे कुणाच्या वाट्याला आलेला नसेल. 1913 मध्ये बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरता दिली, त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर टाकून ते करारानुसार परतले. निराळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके पाणतीराने जहाजासह बुडवली गेली. बडोद्यात पोहोचल्यावर मात्र ज्या संस्थानाने परत येण्याची अट घातली होती, त्या संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. परतीची हमी विद्यार्थ्याकडून घेणाऱ्यांनी, तो परतला तर आपण त्याला कुठे ठेवणार आहोत, याची हमी स्वतःही लिहून द्यावी, ही अपेक्षा आजही कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात समाविष्ट नाही. पुढे लंडनला परत जाऊन त्यांनी एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली, दोन्ही पदव्या अर्थशास्त्रातल्या असूनही नावाने विज्ञानाच्या आहेत, आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर हक्क सांगायला हरकत नाही.

आज्जीच्या बाजूचा पुरावाही सोलापुरातच उपलब्ध आहे. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे जखमी सैनिकांची सेवा करत राहिले, 1941 मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. जिल्ह्यात त्यांच्याविषयी अपार अभिमान आहे, आणि घरात कुणी परदेशी निघाले की हा अभिमान दोन्ही बाजूंनी वापरला जातो. विद्यार्थी म्हणतो, कोटणीसांसारखे व्हायचे असेल तर जावे लागेल. आज्जी म्हणते, तेच तर भ्या वाटतंय बाबा, ते गेले ते आलेच नाहीत आणि लगीनही तिकडंच झालं. या युक्तिवादाला उत्तर नाही. मामा पुण्याला राहतात, म्हणजे अर्धे परदेशातच, म्हणून अखेरचा शब्द त्यांच्यावर सोपवला जातो, आणि ते फोनवरून 'जाऊ द्या की' म्हणतात, कारण मुलगा त्यांचा नसतो.

देवाणघेवाणीतील घेवाणीच्या बाजूकडे कुणाचे फारसे लक्ष नसते. तिकडून इकडे कोण येणार, हा प्रश्न बहुतेक करारांच्या छायाचित्रांत दोन्ही बाजूंचे मान्यवर फाईल हातात धरून हसत असताना विरून जातो. वास्तविक कोरडवाहू शेतीचे संशोधन सोलापुरात 1933 पासून चालू आहे. मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातून आले. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरला आहे. आणि नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी 1979 पासून अभयारण्य आहे. पाऊस कमी होत चाललेल्या जगात, पावसाने पिढ्यान्‌पिढ्या हुलकावणी दिलेल्या मातीत पीक कसे उभे राहते, हे शिकायला युरोपच्या मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्याने खरे तर वळसंगच्या शिवारात रांग लावायला हवी. असा विद्यार्थी आलाच, तर त्याला ठेवून घेणाऱ्याने 24 तासांच्या आत त्याची माहिती शासनाला द्यायची असते, आणि ती देताना घरमालकाला रस्त्याचे नाव व घर क्रमांक विचारला गेला की देवाणघेवाण खऱ्या अर्थाने समसमान होते.

सामानाचा भाग विद्यार्थ्याच्या हातात कधीच नसतो. विमान कंपनीने दिलेल्या 23 किलोंत सोलापुरी चादर पहिली जाते, कारण तिकडे थंडी असते. तिच्या घडीत शेंगाचटणीची पाकिटे, त्यांवर महिनोन्‌महिने टिकणारी कडक भाकरी. तूप आणि खव्याचे पेढे मात्र युरोपीय संघाच्या नियमानुसार प्रवाशाला नेता येत नाहीत, कारण संघाबाहेरच्या देशातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तिथे बंदी आहे. घरच्या म्हशीच्या तुपाला बंदी घालणारा देश शिक्षणासाठी कितपत योग्य, असा विचार निघण्याच्या आदल्या रात्रीही मांडला जातो. पुस्तकांसाठी जागा उरत नाही आणि उरावी असे कुणी म्हणतही नाही.

सत्र पार पडते. त्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. विद्यार्थी तिथे प्रयोगशाळेत सुरक्षेचा वर्ग करतो, स्वतःची ब्युरेट स्वतः वापरतो, शेजाऱ्याचे जर्नल उपलब्ध नसल्याने रीडिंग घेतो आणि चक्क उत्तीर्ण होतो. अडचण परतल्यावर सुरू होते, ती गुणपत्रिकेमुळे. जर्मन पद्धतीत 1.0 हा सर्वोत्तम गुण, 4.0 पर्यंत उत्तीर्ण आणि 5.0 म्हणजे नापास, असा उलटा क्रम असतो. परदेशी गुणांचे जर्मन गुणांत रूपांतर करण्यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र प्रचलित आहे, ज्यात सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करून, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या गुणांतील फरकाने भागून, तीनने गुणून, एक मिळवतात. हेच सूत्र उलटे चालवले तर विद्यार्थ्याला मिळालेला 1.3 दहाच्या पट्टीवर, 4 ला उत्तीर्ण धरून, 9.4 होतो. हे गणित दोन ओळींचे असले तरी ते कोणत्या परिपत्रकानुसार करायचे, हे ठरेपर्यंत निकाल राखून ठेवला जातो, आणि दरम्यान मूळ गुणपत्रिका गावात हातोहात फिरते.

पारावर ती उलटसुलट पाहिली जाते. दहापैकी एक पूर्णांक तीन, म्हणजे कोणत्याही बाजूने धरले तरी दीडसुद्धा नाही, यावर एकमत होते. एवढी जमीन दाखवली, एवढे पैसे अडकवले, पोलीस घरी येऊन गेला, आणि पोराने हे दिवे लावले, अशी हळहळ व्यक्त होते. वडील काही बोलत नाहीत. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आधी आहे ते थोरले काका मात्र समजूतदार असतात. ते विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, 'असू दे, परका मुलूख होता. जरा नेटानं अभ्यास केला असतास, तर पाच तरी कुठं गेले नव्हते.'